मामाच्या मोटारीला लोहाराचा भाता

माझा मामा दरवर्षी बैलांकडून हरायचा. बैल परक्याचे असते तर गोष्ट वेगळी होती, पण ते होते त्याच्या सख्ख्या सासऱ्याचे. त्यामुळे शर्यत अर्ध्या घटकेत संपली तरी हार वर्षभर पुरायची. दिवाळीला सासुरवाडीस गेला की सासरा विचारायचा, "जावयबापू, मोटारीनं आलात का लवकर आलात?" एकदा तर एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला, सगळे माना खाली घालून बसलेले असताना, याच प्रश्नाने माणसं हसून इतकी लोळली की नदीवरचा कावळासुद्धा पिंड सोडून ऐकत बसला.

मामाची शहापूरला गवताची वखार होती. पाऊस सरला की डोंगरांतलं गवत कापून यायचं, ते दाबून गठ्ठे बांधायचे आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचे, हा धंदा. मी त्याच्या वखारीत हाताखाली होतो. मिसरूड फुटलेलं, छातीचा भाता मजबूत आणि अक्कल बेताची, असं माझं वर्णन मामाच करायचा. तानसा तलावावरचा एक गोरा साहेब विलायतेला निघाला, तेव्हा जाता जाता आपली मोटार मामाच्या गळ्यात बांधून गेला. पुढे दोघांपुरती बैठक, मागे झाकण उचललं की तिसऱ्याला बसायला एक खळगा, आणि बाकी सगळं नुसतं नाक. ते नाक एवढं लांब होतं की मोटार वखारीसमोर थांबली तरी तिचं तोंड पोस्टापाशी असायचं. साहेब म्हणाला होता, ही शर्यतीची गाडी आहे. मामाने ते मनावर घेतलं.

आमच्याकडे शर्यत लागायची ती पौषात, म्हशाची जत्रा उठल्यावर. टोकावड्याच्या अलीकडे भात कापून मोकळी झालेली शेतं होती, तिथले बांध फोडून एक सरळ पट्टी करायचे. त्या दिवशी पट्टी सगळ्यांना खुली. ज्याला जे पळवायचं ते त्याने पळवावं. बैलांचे छकडे पळत, घोडी पळत, मुरबाडचा एक शिंपी सायकल पळवी, आणि शेवटी मामाची मोटार विरुद्ध सासऱ्याची जोडी, एक तांबडा आणि एक काळा.

आता तुम्ही म्हणाल, मोटार बैलांकडून हरते कशी? अहो, पट्टी ती केवढीशी! निशाण पडलं की बैल पहिल्याच उडीला वाऱ्यावर. आमची मोटार आधी खाकरायची, मग शिंकायची, मग सगळ्या अंगाने थरथरून विचार करायची. ती निघायच्या बेतात आली की समोरून सासरा बैलांना पाणी पाजून परत येत असायचा.

त्या वर्षी मामीने निकाल लावला. मामी अंगणात उभी, कमरेला पदर खोचलेला, हातात मेलेल्या कोंबडीची पिसं. रानमांजराने रात्रीत पुन्हा हात मारला होता.

"अवो, ऐका," ती मामाला म्हणाली. "यंदा हरलात तर मोटार माझी. कोंबड्या घालीन तिच्यात."

"मोटारीत? कोंबड्या?"

"का? दारं लागतात, वरतून टप हाय. मांजराच्या बापाला नाय घुसता येनार. पुढच्या शिटेवर खुडुक बसेल, मागच्या खळग्यात पिल्लं."

मामा हसला. मग त्याला दिसलं की मोटारीच्या दारावर खडूने रेघा मारलेल्या आहेत. मामीने माप घेऊन झालं होतं. त्यानंतर मामा हसल्याचं मला आठवत नाही. त्या मोटारीच्या चाकामागे बसला की मामा गवतवाला राहायचा नाही. छाती वीतभर रुंद व्हायची, मिशी वर जायची, आणि रस्त्यावरचे ओळखीचे लोक त्याला ओळखेनासे व्हायचे. ते सगळं सुख आता एका खुडुक कोंबडीच्या बुडाखाली जाणार होतं.

तो तडक मुंबईला गेला. तिथे गोऱ्या लोकांच्या मोटारींची शर्यत असल्याचं तबेल्यातल्या एका सईसाने त्याला सांगितलं होतं. आला तो डोळे विस्फारूनच.

"सुपरचार्जर!" वखारीच्या दारातूनच तो ओरडला.

"कोण आलंय?" मी विचारलं.

"अरे कोन येतंय! बस इथं. इंजिन म्हंजे काय? जेवायला बसलेला मानूस. हवा खातंय, पेट्रोल पितंय. पन खातंय आपल्या भुकेनं, झालं की हात धुतंय. साहेबाच्या मोटारीला एक पंखा लावलाय, तो इंजिनाला आग्रह करतो. घ्या, अजून घ्या, आमच्या गळ्याची शपथ! हवा कोंबतो रे तो आत! मग इंजिनाला डबल जोर येतो. आपल्या मोटारीला आग्रह करनारा कोन नाय, म्हनून ती उपाशी पळते."

यात मला काडीचाही दोष दिसला नाही. जावयाला आग्रह करकरून जेवायला घालणाऱ्या मुलखात वाढलेल्या माणसाला हे यंत्रशास्त्र लगेच पटतं. प्रश्न एवढाच होता की तो पंखा आणायचा कुठून.

"पंखा कशाला?" मामा म्हणाला. "हवा कोंबायला आपल्या गावात काय कमी हाय?"

लोहार आमच्या वखारीमागेच राहायचा. त्याचा भाता पंचक्रोशीत नावाजलेला, आणि नावाजणारा मुख्यतः तो स्वतःच. म्हशीच्या कातड्याचा तो भाता फुगला की झोपडीत माणसाला उभं राहायला जागा उरायची नाही. लोहार सांगायचा की त्याच्या आजाने एकदा जरा जोरात भाता मारला, तर कोळसे उडून डोळखांबच्या डोंगरावर वणवा लागला.

"देतो भाता," लोहार म्हणाला. "पन भाता जाईल तिथं मी जाईन. माझ्याशिवाय कोनाच्या हाताला तो दाद देत नाय."

झालं. मागच्या खळग्यात भाता बसवला आणि भात्यावर लोहार बसवला. तिथून इंजिनापर्यंत हवा न्यायला एक जाड बांबू घेतला, लाल केलेली सळई घालून त्याच्या गाठी फोडल्या आणि तो दोघांच्या बैठकीमधून पुढे काढला. बांबूचं तोंड इंजिनाच्या हवेच्या भोकावर ठेवून वर ओली कणीक थापली आणि चिंध्या गुंडाळल्या. मोटारीचं रूप असं झालं की शेजारची गाय तिला हुंगून गेली आणि त्या दिवशी तिने दूध दिलं नाही.

पहिली चाचणी वखारीसमोर. मामाने मोटार सुरू केली. "मार!" म्हणाला. लोहाराने भाता दाबला. मोटारीने एक ढेकर दिला आणि ती मेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा भाता, पुन्हा ढेकर. असं दुपारपर्यंत चाललं. जमलेल्या लोकांत पैजा लागल्या, मग पैजाही कंटाळल्या आणि माणसं जेवायला घरी गेली.

जेवताना मामाचा घास हातातच राहिला. मामी वाढत होती. पानात भाताचा डोंगर आणि आमटीचा टिपूस.

"असा कोरडा भात गिळायचा कसा?" मामा म्हणाला आणि एकदम उठला. "सापडलं! आपन हवा वाढतोय डोंगराएवढी आनि पेट्रोल मात्र जेवढ्यास तेवढं! उलट हवेच्या जोरानं पेट्रोल मागं सरतंय. पेट्रोललापन आग्रह पायजे!"

हे मात्र खरं निघालं. पेट्रोलची टाकी आमच्या गुडघ्यांसमोरच होती. तिच्या झाकणाला भोक पाडून मामाने तिथे चुलीजवळची फुंकणी बसवली आणि भोवतीने लाख वितळवून ओतली. लोहार हवा कोंबणार, मी फुंकणीतून टाकीत फुंकून पेट्रोल ढकलणार आणि मामा चाक धरणार.

"माझी फुंकनी कुठाय?" आतून मामी ओरडली. मामाने मोटार सुरू केली.

आणि काय सांगू! लोहाराने भाता मारला, मी गाल फुगवून फुंकलं, आणि मोटार गेली. निघाली नाही, गेली. आमची टोपी, आमचा आवाज आणि लोहाराची विडी तिन्ही वखारीसमोरच राहिली, आम्ही किन्हवलीच्या रस्त्याला लागलो होतो. रस्त्यात एक कुत्रा आम्हाला बघून भुंकायला लागला, त्याचं भुंकणं आम्ही परत येताना ऐकलं. एका म्हातारीने वाळत घातलेले पापड आमच्या वाऱ्याने उडाले ते म्हणे दुसऱ्या गावात भाजूनच पडले. हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, लोहाराने सांगितलं, तेव्हा निम्मं वजा करा. पेट्रोल फुंकून फुंकून माझे ओठ मात्र वांग्यासारखे झाले होते आणि तोंडाला असा वास की पुढे आठवडाभर माझ्यासमोर कुणी विडी पेटवली नाही.

मामाची छाती पुन्हा वीतभर वाढली. मामीने खडूच्या रेघा मात्र पुसल्या नाहीत.

शर्यतीच्या दिवशी आम्ही टोकावड्याच्या पट्टीवर पोचलो तर ही गर्दी. पण गर्दीत काहीतरी बिनसलं होतं. छकडे उभे होते, बैल उभे होते, पण जू एकाच्याही मानेवर नव्हतं. पंच मंडळी आंब्याखाली तोंडं पाडून बसली होती. माझ्या मामाचा सासरा त्यांच्यात मुख्य. अंगाने सुपारीच्या खांडासारखा, डोळे मात्र पाऊण गाव मोजतील असे.

"काय झालं?" मामाने विचारलं.

"जावयबापू," सासरा म्हणाला, "आज अमावास्या हाय."

झालं होतं असं. शर्यत कधी घ्यायची यावर जत्रेत चांगले दोन दिवस भांडणं झाली. शेवटी सगळ्यांच्या मताने ठरलं की म्हशाची जत्रा भरली त्या पौर्णिमेपासून बरोबर एक पंधरवडा मोजायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या, नारळ फोडला, खोबरं वाटलं. पौर्णिमेनंतर पंधरवड्याने काय येतं हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पण पंचांत शेंबडं पोर नव्हतं, सगळी अनुभवी माणसं होती. आणि अमावास्येला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. जू मानेवर ठेवायचं नाही म्हणजे नाही.

मामा मनातून खूश झाला. "मग काय, मोटार एकटी पळवू. जिंकली समजा."

तेवढ्यात मागून आवाज आला, "आनि मी पन नाय." बघतो तर लोहार खळग्यातून उतरून बांधावर मांडी घालून बसलेला. "अमावास्येला लोहाराचा हात भात्याला लागत नाय. माझ्या आजानं सांगितलंय."

"तुझ्या आजानं डोंगर पेटवला तेव्हा काय पौर्निमा होती?" मामा किंचाळला.

"अष्टमी होती," लोहार शांतपणे म्हणाला.

आता बैलांविना सासरा आणि भात्याविना मामा. घरी जावं असंच सगळ्यांना वाटत होतं. पण सासरा उठला. त्याच्या डोळ्यांत मला आवडत नसलेली चमक आली होती.

"बैल जुंपायचे नाय हे खरं," तो पंचांना म्हणाला. "पन बैलांना आपनहून पळावंसं वाटलं तर? मोकळ्या बैलानं अमावास्येला पळू नये असं कुठं सांगितलंय?"

पंचांनी विचार केला. कुठेच सांगितलेलं नव्हतं.

"मी त्या टोकाला पेंडीचं टोपलं घेऊन उभा ऱ्हातो. हाक मारतो. आले तर आले. मोटारीला पळायचं तर पळू दे, नायतर," इथे त्याने आमच्या मोटारीभोवती एक फेरी मारली, कणकेचा एक टवका नखाने काढला, "नायतर लेकीच्या कोंबड्यांना घर झालं. जावयबापू, अंडी खाऊन बघा, निदान कोंबड्यागत आवाज तरी निघेल तोंडातून. मोटार काय तुमच्याच्यानं पळायची नाय, आता खुराडं तरी नीट झाडा."

माणसं हसली. मामाने मान खाली घातली. त्याच्या मिशीची दोन्ही टोकं खाली आलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मामी बायकांच्या घोळक्यात होती. ती पुढे आली, सरळ लोहारासमोर उभी राहिली.

"लोहारदादा, लोहाराच्या हातानं भाता हलत नाय. बाईच्या हाताचं काय सांगितलंय तुमच्या आजानं?"

लोहार डोकं खाजवून म्हणाला, "बाईचं काय नाय सांगितलं. त्याला सुचलं नसंल."

"मग सरा."

"अगो, काय करतेस?" मामा म्हणाला. "हरलो तर मोटार तुझीच ना?"

"तुमाला बोलायचं ते मी बोलेन," मामी म्हणाली. "दुसऱ्या कोनी बोलायचं नाय. बापानं पन नाय." मग बापाकडे वळून, "बा, मोटार जिंकली तर तुमचा शर्यतीचा छकडा माझा. तो पन लागतो मला खुराड्याला."

सासरा हसत म्हणाला, "ने गो पोरी. घरचाच हाय." आणि टोपलं घेऊन पट्टीच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे चुन्याची आडवी रेघ मारली होती, तिच्या अलीकडे दोन पावलं तो उभा राहिला, बैल जवळ आले की मागे सरत त्यांना रेघेपार न्यायच्या बेतात.

मामी खळग्यात चढली. ज्या बाईने लग्न झाल्यापासून रोज उखळात भात कांडला आहे तिच्या दंडांबद्दल लिहायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. लोहाराने भाता खालीवर केला तर तो फुंकायचा, मामीने केला तर तो घाबरायचा.

निशाण पडलं.

सासऱ्याने हाक दिली, "ये बाळा! ये, ये, ये!" तांबडा आणि काळा सुटले. मोटार खाकरली. मामीने मुसळ मारावं तसा पहिला ठोका मारला. मोटारीच्या मागच्या नळीतून असा बार उडाला की आंब्यावरचे सगळे बगळे एकाच वेळी पांढरे झाले आणि उडून गेले. त्या आवाजाने मोटार पळाली हे खरंच, पण बैल तिच्या दुप्पट पळाले. मी फुंकता फुंकता पाहिलं, आम्ही बैलांनाच सुपरचार्जर लावला होता.

"फुंक रे!" मामा ओरडत होता.

"दाब गो!" तो मागे ओरडला.

"चाकाकडे बघा!" मामी ओरडली.

मला ओरडता येत नव्हतं, माझ्या तोंडात फुंकणी होती.

दुसरा बार, तिसरा बार. दर बाराला बैल पुढे, मग मामीचा ठोका, मग आम्ही पुढे, मग बार, मग बैल. बांबूला गुंडाळलेल्या चिंध्या पेटल्या. नाकाच्या दोन्ही बाजूंनी ज्वाळा आणि मधून कणकेच्या भाजलेल्या भाकरीचा खमंग वास. पट्टीच्या दोन्ही कडांची माणसं मागच्या मागे भातखाचरांत पडत गेली, एखादी वाऱ्याची झुळूक शेतावरून जावी तशी.

आणि सासरा? त्याने काय पाहिलं याचा विचार करा. एका अंगाने त्याचे दोन बैल डोळे पांढरे करून येतायत, दुसऱ्या अंगाने पेटलेली मोटार, तिच्यात वांग्यासारख्या ओठांचा एक भाचा, रडवेला जावई आणि पाठीमागे केस सुटलेली, भाता कांडणारी त्याची स्वतःची लेक. त्याने बाळा म्हणायचं बंद केलं. हातातलं टोपलं टाकलं आणि धोतर सावरत जवळच्या पेंढ्याच्या उडवीवर जो चढला तो शिडी लावूनच उतरवावा लागला.

टोपलं पडलं ते रेघेच्या अलीकडे. बैलांना टोपल्याशीच काम होतं. ते पेंडीपाशी आले, पाय रोवले आणि तोंड घालून खायला लागले. आम्ही रेघ ओलांडली, रेघेपुढचं शेत ओलांडलं, पुढचा बांधही ओलांडला, आणि सासरा जिच्यावर चढला होता त्याच उडवीत शिरून थांबलो. पेटलेल्या चिंध्या मामीने भात्याच्याच वाऱ्याने विझवायचा प्रयत्न केला. त्यामुळे आग वाढली, मग लोकांनी माती टाकून ती विझवली.

पंचांनी फार वेळ घेतला नाही. "जेवायला थांबला तो मागं ऱ्हायला," ते म्हणाले. उडवीवरून सासरा ओरडत होता की आग्रह असल्यावर बैल तरी काय करतील.

"पोरी," खाली उतरल्यावर तो म्हणाला, "खरंच बापाचा छकडा नेतेस?"

"बा, खरंच माझ्या नवऱ्याला हसत होता?"

सासऱ्याने स्वतः छकड्याची दोरी आणून मोटारीला बांधली, कारण बैल त्या दिवशी जुंपायचे नव्हते. शहापूरपर्यंत आम्ही पुढे आणि छकडा मागे. मामाची मिशी इतकी वर गेली होती की वाऱ्याने डोळ्यांत जात होती. एका हाताने तो चाक धरायचा, दुसऱ्याने मिशी.

मामीने छकड्याला चारी बाजूंनी कारवीच्या काठ्यांचा कूड घातला, पुढे एक दार केलं आणि कोंबड्या आत सोडल्या. रानमांजर आलं, चाकं पाहून गोंधळलं आणि गेलं.

होळीला सासरा आमच्याकडे आला. छकड्याकडे बघायचं नाही असं ठरवून आला होता, अंगणात पाठ करून बसला. पण दुपारी त्याच्याने राहवलं नाही. उठला, दार उघडून आत वाकला. त्याच्या स्वतःच्या बैठकीवर, जिथून त्याने आयुष्यभर शर्यती मारल्या, तिथे मामीची खुडुक कोंबडी बसली होती.

"फार मागं बसलीय," तो म्हणाला. "अशानं छकडा मागं उलाळतो, तोंड वर करतो." आणि दोन्ही हातांनी कोंबडीला अंड्यांसकट उचलून त्याने चार बोटं पुढे सरकवलं.